इलेक्ट्रिक गिटारचं लाकूड आणि पॉलिश: आवाजात खरंच फरक पडतो का?

टिळकवाडी_तारकरी

मंडळी, हा प्रश्न बरेच दिवस डोक्यात आहे. आता खिशात हात घालायची वेळ आली म्हणून विचारतो.

माझ्याकडे स्ट्रॅट (फेंडर कंपनीची स्ट्रॅटोकास्टर) घाटाची सेकंडहँड गिटार आहे. काळी, चकचकीत, वर काचेसारखा जाड थर. गणपतीत आणि लग्नाच्या ऑर्केस्ट्रात वाजवतो. दोन तक्रारी आहेत. आवाज बोथट येतो, वरची धार नाही. आणि तिसऱ्या तारेवर सातव्या फ्रेटच्या (पडद्याच्या) आसपास सूर लगेच मरतो, बाकी तारांवर तसं होत नाही.

बँडमधला एक म्हणतो, तो पॉलिएस्टरचा थर खरवडून काढ, नायट्रो लॅकर किंवा फ्रेंच पॉलिश मार, लाकूड मोकळं बोलायला लागेल. दुसरा म्हणतो बॉडीच बदल. आजोळी खानापूरकडे पडक्या घराची शिसवी तुळई आहे, मामा द्यायला तयार आहेत, ओळखीचा सुतार बॉडी कापून देतो म्हणतो.

यातल्या कशाने आवाज बदलेल का? "कान असेल त्याला कळतं" हे उत्तर आधीच मिळालंय, ते सोडून बोला.

खानापूर_रानवाट

तुळईला हात लावायच्या आधी वजनाचा हिशोब कर मर्दा. स्ट्रॅटची बॉडी बहुधा ऑल्डरची असते. ऑल्डर घनमीटरला साधारण ४५० किलो भरतं, शिसव ८०० च्या पुढे. आता बॉडी दोन किलोची असली तर तीच शिसवीत साडेतीनच्या वर जाणार. नवरात्रात तीन तास ते खांद्यावर घेऊन उभा राहशील काय?

फेंडरने १९६८ मध्ये जॉर्ज हॅरिसनसाठी पूर्ण रोजवूडची टेलिकास्टर केली होती. पुढे ते मॉडेल विक्रीला आलं, पण वजन एवढं की नंतरच्या बॉडी आतून पोकळ करायला लागले. शिसवीचा गिटारमधला खरा मान फिंगरबोर्डला (बोटं दाबतात त्या पट्टीला) आहे. तिथं ती जगभर गेली.

दुसरं, शिसव आणि साग नेताना वन खात्याचे कागद लागतात. जुन्या घराचं लाकूड असलं तरी टेम्पोत घालून थेट बेळगावला आणू नको, आधी खानापूरला चौकशी कर. आंतरराष्ट्रीय व्यापारात तर २०१७ पासून शिसवीची सगळी जात साइटिसच्या (दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या कराराच्या) यादीत आहे, तयार वाद्यांना २०१९ मध्ये सूट मिळाली. मधल्या काळात कंपन्यांनी फिंगरबोर्डला दुसरी लाकडं शोधली. त्यात "इंडियन लॉरेल" म्हणून जे स्वस्त गिटारींवर येतं ते म्हणजे आपला ऐन. आमच्या घराचे वासे ऐनाचे हायत. त्यांचा टोन कुणी विचारला नाही अजून.

रिवाइंडिंगवाला

मी मोटार रिवाइंडिंग करतो. गिटार मला फार येत नाही, पण ऑर्केस्ट्रावाल्यांचे जळालेले-तुटलेले पिकअप बांधून देतो. त्यामुळं आतलं बोलतो.

पिकअप म्हणजे लोहचुंबक आणि त्याभोवती तांब्याच्या तारेचं वेटोळं. स्ट्रॅटच्या पिकअपला साधारण आठ हजार फेरे, तार ४६ एसडब्ल्यूजीच्या आसपास, म्हणजे ०.०६ मिलिमीटर. जोरात श्वास सोडला तरी तुटते. चुंबकामुळं वरची पोलादी तार स्वतः थोडी चुंबक होते. ती हलली की वेटोळ्यातलं चुंबकीय क्षेत्र बदलतं आणि व्होल्टेज तयार होतं. अँपला जातं ते एवढंच. तारेच्या जागी नायलॉन लावा, पिकअप मुका. लाकूड, रंग, पॉलिश यातलं काहीच पिकअपला दिसत नाही.

आता बोथट आवाज. वेटोळ्याला इंडक्टन्स असतो, केबलला कपॅसिटन्स. दोघं मिळून एका ठराविक कंपनसंख्येला उचल देतात आणि त्याच्या वरचं कापतात. ती उचल कुठं बसते यावर "धार" ठरते. म्हणून तीन गोष्टी सांग: केबल किती लांब, वॉल्यूमचा पॉट (बटणाखालचा रोधक) किती किलोओहमचा, आणि तारेपासून पिकअप किती खाली. त्याआधी रंधा हातात घेऊ नको.

कॅम्पातला_बास

रिवाइंडिंगवाले, तुमचं शास्त्र बरोबर, पण अर्ध्यावर सोडलंत. पिकअपला तार दिसते, कबूल. पण तार हवेत तरंगत नाही. एक टोक नटवर (डोक्याजवळच्या खाचांच्या पट्टीवर), दुसरं ब्रिजवर (घोडीवर), आणि ही दोन्ही टोकं ज्यावर बसली आहेत ते लाकूड हलतं. तारेची ऊर्जा तिथून झिरपते. कुठल्या सुराला जास्त, कुठल्याला कमी. म्हणजे तार कशी आणि किती वेळ हलणार हे लाकूडही ठरवतं. पिकअप फक्त निकाल वाचून दाखवतो.

मी कॅम्पात चर्चच्या बँडपासून वाजवतोय. लेस पॉल महोगनीची, वर मेपलची टोपी, तिचा आवाज जाड. टेलिकास्टर अ‍ॅशची, तिचा आवाज टोचरा. डोळे मिटूनही सांगतो कुठली कुठली ते. हे सगळं केबलमुळं होय?

पॅटर्नशॉप

अंकल, डोळे मिटून मीही सांगेन. पण लेस पॉल आणि टेलिकास्टर यांच्यात फरक काय फक्त लाकडाचा आहे? एकीची तार २४.७५ इंचाची, दुसरीची २५.५. एकीला दोन वेटोळ्यांचा हंबकर, दुसरीला एकाच वेटोळ्याचा सिंगल कॉइल. पॉट ५०० के आणि २५० के. ब्रिज वेगळा. एकीचा नेक (दांडा) सरसाने चिकटवलेला, दुसरीचा स्क्रूने आवळलेला. पिकअपची ब्रिजपासूनची जागाही वेगळी. लाकूड हा त्या रांगेतला सातवा-आठवा आरोपी आहे, आणि शिक्षा नेहमी त्यालाच.

उद्यमबागेत पॅटर्न (ओतकामाचे लाकडी नमुने) बनवण्यात आयुष्य चाललंय, त्यामुळं मला यातली सगळ्यात आवडती गोष्ट सांगतो. बाजारात चाललेली पहिली इलेक्ट्रिक गिटार लाकडाची नव्हतीच. रिकनबॅकरची "फ्राइंग पॅन", १९३० च्या दशकाच्या सुरुवातीची, मांडीवर आडवी ठेवून वाजवायची. ओतीव अ‍ॅल्युमिनियमची. तिची तक्रार आवाजाची नव्हती. स्टेजवरच्या दिव्यांनी धातू तापायचा, प्रसरण पावायचा आणि सूर हलायचे. डॅनइलेक्ट्रोने १९५० च्या दशकात मॅसोनाइटच्या गिटारी काढल्या, म्हणजे आपण कपाटाच्या पाठीला मारतो तसला हार्डबोर्ड. १९६९ मध्ये डॅन आर्मस्ट्राँगने अँपेगसाठी आरपार दिसणारी प्लेक्सिग्लासची केली. स्टाइनबर्गरने कार्बन तंतू आणि रेझिनची केली, तिला डोकंही ठेवलं नाही. क्वीनच्या ब्रायन मेने वडिलांसोबत घरी बांधलेल्या गिटारीचा नेक जुन्या शेकोटीच्या चौकटीच्या लाकडाचा. यातली एकही गिटार "गिटारसारखी वाजत नाही" असं कुणी म्हटलेलं मी ऐकलं नाही.

अलीकडं नॅशव्हिलच्या एका गिटारवादकाने दोन बाकांच्या मध्ये नुसत्या तारा ताणल्या, खाली योग्य जागी पिकअप धरला. बॉडी नाही, नेक नाही. टेलिकास्टरशी ताडून ऐकवलं तर फरक ओळखताना घाम फुटतो.

स्ट्रॅटचं एक बरं असतं, पिकअप आणि सगळी वायरिंग पिकगार्डला (बॉडीवरच्या प्लॅस्टिकच्या पट्टीला) लटकलेली असते. मी तोच पिकगार्ड, तोच नेक, तोच ब्रिज आधी सागाच्या आणि मग पॅटर्नच्या पाइनच्या बॉडीवर बसवला, तारा नव्या. रेकॉर्ड करून आलेख पाहिले. फरक होता. पण एकाच बॉडीवर मीच दोनदा तार छेडली तर त्या दोन छेडण्यांतला फरक त्याहून मोठा होता.

अनगोळ_ड्रमर

एवढंच विचारालोय, तुमच्यातल्या कुणाचा टोन मागं ड्रमवर बसलेल्या माणसाला आजवर कधी ऐकू आलाय का? मला फक्त "अजून वाढव, अजून वाढव" ऐकू येतं.

जवारी

मी निपाणीची, सतार वाजवते. इलेक्ट्रिकमधलं कळत नाही, पण लाकूड आणि पॉलिशवर मिरजेत जे पाहिलं ते सांगते.

तंबोऱ्यात तारेचा आवाज घोडीतून तबलीत जातो आणि तबली हवा हलवते. तिथं तबली किती पातळ काढली, भोपळा किती सुकलेला, तूनचं लाकूड किती मुरलेलं, सगळं ऐकू येतं. म्हणून तिथले कारागीर लाखेचं पॉलिश पातळ ठेवतात, तबलीवर रंगाचे थर चढवत नाहीत. (२०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं. मिरज आमच्याकडून फार लांब नाही, तरी आमच्याकडची मुलं ऑनलाइन सतार मागवतात आणि मग जवारी उघडायला (घोडीचा माथा घासून आवाज खुलवायला) मिरजेलाच जातात!)

पण तिथंसुद्धा एक पाहा. तेच वाद्य, तेच लाकूड, तेच पॉलिश, आणि कारागिराने घोडीच्या माथ्यावर कानस दोन-चार वेळा फिरवली की तंबोरा बंद आवाजातून खुल्या आवाजात येतो. तार जिथं टेकते ती जागा सगळ्यात बोलकी. तारकरी, तुमच्या गिटारचा नट आणि ब्रिजवरचे सॅडल कुणी तपासलेत का? खाच रुंद झाली असेल, सॅडलवर गंज असेल, तर तिथंच आवाज मरतो.

लाकडाबद्दलचा मान आमच्या वाद्यांतही कधी कधी डोळ्यांचा असतो. इंग्लंडच्या लँकेस्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. सहा अकूस्टिक गिटारी एकाच कारागिराकडून सारख्या बनवून घेतल्या, फक्त पाठ आणि बाजूंचं लाकूड वेगळं. महागडं ब्राझिलियन रोजवूड, आपली शिसव, महोगनी, मेपल वगैरे. बावन्न गिटारवादकांना अंधूक उजेडात, वेल्डरचे गॉगल घालून वाजवायला दिल्या. गुण जवळजवळ सगळ्यांना सारखेच पडले. तीही पोकळ वाद्यं! अर्थात वरच्या तबलीचं लाकूड त्यांनी बदललं नव्हतं, आणि खरा आवाज तीच देते.

शहापूर_पॉलिश

पॉलिशवर कुणीतरी सविस्तर लिहायला हवं, मी लिहितो. फर्निचरचं काम आहे, ड्युको, पीयू, मेलामाइन, फ्रेंच पॉलिश सगळं करतो.

"लाकूड श्वास घेतं" हे गिऱ्हाईक पण म्हणतंय. कापून, सुकवून, भट्टीतून काढलेलं लाकूड श्वास बिस घेत नाही. ते दमट हवेत पाणी धरतं आणि कोरड्या हवेत सोडतं, एवढंच. पॉलिश त्यालाच आळा घालतं. जून ते सप्टेंबर आपल्याकडची हवा आठवा आणि ठरवा की उघडं लाकूड हवंय का.

नायट्रो म्हणजे नायट्रोसेल्युलोज लॅकर. द्रावक उडून जातो आणि पातळ थर राहतो. वर्षांनी पिवळा पडतो, थंडीत तडकतो, रबराच्या स्टँडवर ठेवलं तर चिकटतो. पॉलिएस्टर रसायनाने आवळून कडक होतं, म्हणून एका हातात जाड बसतं. कारखान्यांनी १९६० च्या दशकाच्या शेवटापासून ते धरलं ते काम लवकर उरकतं म्हणून. त्याच काळात जुन्या गिटारींची हवा सुरू झाली आणि लोकांनी पॉलिशला दोष दिला.

गंमत म्हणजे फेंडरच्या ज्या रंगीत जुन्या गिटारींना लोक "अस्सल नायट्रो" म्हणून पुजतात, त्यांचे रंग ड्युपाँटचे, गाड्यांचे. काही ड्युको, तेच ज्याला आपला गॅरेजवाला अजून ड्युको म्हणतो, आणि काही ल्युसाइट, जे अ‍ॅक्रिलिक आहे. खालचा सीलरही नायट्रो नसायचा.

आता आवाज. जाड पॉलिएस्टर अर्धा मिलिमीटर, फार तर त्याहून जरा जास्त. बॉडीची जाडी पंचेचाळीस मिलिमीटर. अकूस्टिक गिटारची तबली तीन मिलिमीटरही नसते. तिथं अर्ध्या मिलिमीटरने आवाज दबेल, मान्य. इथं पंचेचाळीसला अर्धा काय करणार?

खरवडायचंच असेल तर ऐका. घट्ट झालेलं पॉलिएस्टर थिनरने किंवा अ‍ॅसिटोनने हलत नाही. हीट गन लागते, लाकूड करपायची भीती. सँडिंगची धूळ छातीत जाते. आणि आत्ता पावसात लॅकरचा फवारा मारलात तर ओल धरून पांढरट पडणार. मला काम मिळेल, पण मी घेणार नाही.

कॅम्पातला_बास

पॉलिशचं मी कधीच म्हटलं नव्हतं, ते सोडून द्या. माझं म्हणणं लाकडाचं, आणि ते तसंच आहे. तारकरीने दुसरी तक्रार काय सांगितली? सातव्या फ्रेटला तिसरी तार मरते. केबल लांब असली तर सगळे सूर बोथट होतील, एकच कसा मरेल?

तो डेड स्पॉट आहे. बासवाल्यांना पाठ असतो, फेंडर घाटाच्या बासवर G (जी) सुराच्या तारेला पाचव्या ते सातव्या फ्रेटमध्ये हमखास. नेकची स्वतःची कंपनसंख्या असते. तारेचा सूर तिच्याशी जुळला की नेक तारेची ऊर्जा ओढून घेतो. जर्मनीत १९९० च्या दशकात यावर मोजमापं झाली आहेत, मोठा वाटा नेकचाच निघाला, बॉडीचा नगण्य.

सुताराचा छोटा सी-क्लॅम्प घ्या, कापडाची घडी घालून गिटारच्या डोक्याला लावा. वजन वाढलं की नेकची कंपनसंख्या उतरते आणि मेलेली जागा सरकते. सरकली तर मान्य करा की लाकूड बोलतं. बॉडीपेक्षा नेक जास्त बोलतो, एवढी दुरुस्ती मी करून घेतो.

पॅटर्नशॉप

अंकल, हे मला सोळा आणे मान्य. फक्त महोगनी "उबदार" आणि मेपल "चमकदार" हे यातून निघत नाही. एकाच झाडाच्या दोन फळ्यांचे नेकसुद्धा वेगवेगळ्या जागी मरतात. दुकानदार जातीवरून आवाज सांगतो ते पत्रिका बघण्यासारखं झालं.

टिळकवाडी_तारकरी

सगळ्यांचे आभार, एवढं येईल वाटलं नव्हतं. रिवाइंडिंगवाले मामा, तुमची उत्तरं: पॉट २५० के आहे, मीटरवर तपासला. केबल दहा मीटरची, स्टेजवर फिरता यावं म्हणून. पिकअप तारेपासून फार खाली होते, मागच्या मालकाने पार दाबून ठेवले होते.

अंकल, क्लॅम्प लावला. सातव्या फ्रेटचा सूर जिवंत झाला, पण आता त्याच तारेवर पाचव्याला जरा कमी टिकतो. म्हणजे सरकला. ऑर्केस्ट्रात क्लॅम्प लावून गेलो तर लोक हसतील, काही छोटं मिळतं का?

कॅम्पातला_बास

डोक्याला लावायच्या पितळी पट्ट्या मिळतात. नाहीतर जड ट्यूनिंगच्या चाव्या बसव. नाहीतर माझ्यासारखं कर, तो सूर दुसऱ्या तारेवर वाजव.

रिवाइंडिंगवाला

दहा मीटर! तिथंच तुझी धार गेली. ढोबळ हिशोब सांगतो. साध्या केबलला मीटरमागं शंभर पिकोफॅरडच्या आसपास धर. स्ट्रॅटच्या पिकअपचा इंडक्टन्स सव्वादोन हेन्रीच्या आसपास. तीन मीटर केबलला उचल पाच किलोहर्ट्झच्या जवळ बसते, दहा मीटरला ती तीनच्या जवळ येते. गिटारची चमक या दोन आकड्यांच्या मध्येच असते. लांब केबल हवीच असेल तर गिटारजवळ बफर (केबलचा भार पिकअपवर येऊ न देणारं सर्किट) असलेला एखादा पेडल ठेव, त्याच्यापुढं केबल लांब चालते.

पिकअपची उंची: शेवटचा फ्रेट दाबून तार आणि चुंबक यांत दोन-अडीच मिलिमीटर ठेव, जाड तारेकडं थोडं जास्त. त्याहून वर नेऊ नको. चुंबक तारेलाच ओढायला लागतो आणि सूर डुगडुगतो.

टिळकवाडी_तारकरी

तीन मीटरची केबल लावली, पिकअप वर घेतले. माझीच गिटार आहे का असं वाटलं. पॉलिश आणि तुळई दोन्ही रद्द, खानापूरच्या मामांना कळवलं.

आता नवीनच लफडं. आवाज चढवला की शिट्टी मारते, आणि पिकगार्डवर बोटाने टिचकी मारली तर ती स्पीकरमधून ऐकू येते. आधी नव्हतं हे.

जवारी

मग लाकूड ऐकू येतंय की पिकअपला!

रिवाइंडिंगवाला

ताई, तसं नव्हे. वेटोळ्यातले फेरे सैल असले की ते चुंबकाजवळ स्वतःच थरथरतात आणि पिकअप माइकसारखा वागतो. आधीही होतं, पिकअप खाली आणि आवाज बोथट म्हणून कळलं नाही. अंकलना हवं तर यात एक गुण घ्यावा, कारण सैल पिकअपला बॉडीचा धक्का खरंच ऐकू येतो.

उपाय मेणात बुडवणं. पॅराफिन चार भाग, मधमाशीचं मेण एक भाग. भांडं थेट गॅसवर ठेवायचं नाही, मेणाची वाफ पेट घेते. मोठ्या पातेल्यात पाणी, त्यात मेणाचं भांडं, थर्मामीटर लावून ६५ अंशांच्या आसपास. त्याच्या फार वर गेलास तर प्लॅस्टिकचा बॉबिन वाकतो. पिकअप तारेला बांधून सोडायचा आणि बुडबुडे यायचे थांबेपर्यंत ठेवायचा. कव्हर आधी काढ. घरी जमणार नसेल तर पिकगार्ड उतरवून तसाच दुकानात आण, वायर कापू नको.